पासष्ट किलोंसाठी सायकल

काटा तीन किलो दोनशे ग्रॅम दाखवत होता.

"काटा चुकतोय," मी म्हणाले.

भूपालमामांनी चष्मा कपाळावर सारला. "माझा काटा? ह्या काट्यावर निम्म्या जयसिंगपूरचं भंगार तोललंय."

"म्हणून तर चुकत असेल."

"मालक, भाची तुमच्यावरच गेली," यासीनभाई गॅसच्या नळीची गुंडाळी करत म्हणाले. "कुणावर म्हणून विश्वास न्हाई."

छताच्या कैचीला टांगलेल्या त्या काट्याच्या आकड्यात माझ्या सायकलचा नुसता सांगाडा लटकत होता. चाकं नाहीत, पुढचं चाक धरणारा चिमटा नाही, हँडल नाही, रंगही नाही. माझ्या हिशेबाने त्याचं वजन दोन किलो चारशेच्या आसपास यायला हवं होतं. प्रत्येक नळीची लांबी, जाडी आणि पोलादाची घनता घेऊन मी ते काढलं होतं. सांध्यांवरच्या पितळेचं वजनसुद्धा धरलं होतं. थोडंफार इकडेतिकडे होणार हे मला मान्य होतं. पण आठशे ग्रॅम म्हणजे इकडेतिकडे नव्हे.

मी समोरच्या किराणा दुकानातून साखरेची एकेक किलोची तीन पाकिटं आणली आणि पिशवीत घालून काट्याला टांगली. काटा तीनच्या रेषेवर येऊन गुमान उभा राहिला.

"झालं समाधान?" मामा म्हणाले. "आता त्यातलं एक फोड आणि चहा टाक."

काटा बरोबर होता, म्हणजे सांगाडा चूक होता.

मामांचं वर्कशॉप शिरोळ रस्त्याला. ट्रॅक्टरमागे लावायच्या उसाच्या ट्रॉल्या बनवणं हा त्यांचा धंदा, आणि यासीनभाई त्यांच्याकडे सुरुवातीपासूनचे वेल्डर. मी तेव्हा भौतिकशास्त्रात एमएस्सी करून सांगलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. उरलेल्या वेळात सायकल चालवायचे. रस्त्यावर नव्हे, डोंगरात.

डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्यातले काही जण कोकणातल्या एका गावातून निघून जुन्या पायवाटेने घाटमाथ्यावर चढणार होते आणि तिथून डोंगराच्या धारेधारेने, डांबर टाळत, उत्तरेकडे जाणार होते. पांघरूण, भांडी, पाणी, सगळं सायकललाच बांधलेलं. मागून गाडी नाही, हॉटेल नाही. नियम एकच होता: आपली सायकल आपण न्यायची. चालवता येईना तर ढकलायची, ढकलता येईना तर खांद्यावर घ्यायची.

आदल्या वर्षी मी त्या पायवाटेवरच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांशी थांबले होते. माझी उंची चार फूट दहा इंच. दुकानात मिळणारी सगळ्यात लहान सायकलही मला मोठी होते. तिच्या त्रिकोणातून खांदा घालून उचलली की मागचं चाक पायरीला आपटायचं आणि मी तिच्यासकट मागे झुकायचे. तीनदा तसं झाल्यावर निनाद नावाच्या मुलाने ती काढून घेतली आणि सहज वर नेऊन ठेवली. नियम मला पाठ होता. वर पोचल्यावर मी सगळ्यांना हात केला आणि एकटी खाली उतरले.

ह्या वर्षी माझी सायकल त्या पायऱ्यांवरून मलाच न्यायची होती. पुढचा सगळा डोंगर त्यानंतरचा.

म्हणून माझ्या मापाची सायकल बांधायला घेतली होती. खांद्याला पुरेल एवढा त्रिकोण, लहान चाकं, आणि पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून मागवलेल्या पातळ पोलादी नळ्या, ज्या टोकांना जरा जाड आणि मध्ये अगदी पातळ असतात. मी किती उचलू शकते हे मी कॉलेजच्या जिन्यावर आधीच तपासलं होतं. पाठीवर वाळूचं पोतं घेऊन चढायचं, जमलं की मगभर वाळू वाढवायची. एका ठरावीक वजनापर्यंत मी गच्चीपर्यंत जायचे. त्यात किलोभर वाढलं की शेवटच्या वळणावर पाय थरथरून बसायला लागायचं. शिपाईमामा रोज विचारायचे, "मॅडम, वर बांधकाम चाललंय का?" एका किलोने फरक पडतो की नाही, हा माझ्यासाठी मताचा प्रश्न राहिला नव्हता.

मी सांगाडा काट्यावरून उतरवून टेबलावर ठेवला आणि पान्याने एकेक नळी वाजवली. आडवी नळी टणकन वाजली. सीटखालची टणकन वाजली. हँडलपासून पेडलपर्यंत तिरपी उतरणारी मोठी नळी सगळ्यात छान वाजायला हवी होती. ती ठक् वाजली.

पुन्हा वाजवली. ठक्.

"हिच्यात काय आहे?"

मामांनी यासीनभाईंकडे बघितलं. यासीनभाईंनी छताकडे बघितलं.

"आधार," मामा म्हणाले.

"कसला आधार?"

"आतनं एक दोन एमएम जाडीची नळी सरकवली. दोन्ही तोंडाला पितळ सोडलं. बाहेरनं दिसतंय का काय? शोभा न्हाई बिघडली."

ही तिरपी नळी जोडली त्या दिवशी मला परीक्षेचं सुपरव्हिजन होतं. "तू जा, आम्ही टाकतो," असं मामा म्हणाले होते, आणि मी गेले होते.

"मामा, मी तुम्हाला वजन सांगितलं होतं. मी आणि सामान मिळून पासष्ट किलो."

"सांगितलंस की."

"मग?"

"मग मी एकशेतीस धरलं."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की मला क्षणभर त्यात काही वावगं वाटेना.

"अगं, गिऱ्हाईक येतं," ते खुर्ची ओढून बसत म्हणाले. "म्हणतंय, दहा टनाची ट्रॉली करा. आपण अठरा धरायचं. नुसतं धरायचं, बोलायचं न्हाई."

"आणि तो अठरा टन भरतो?"

"बावीस," यासीनभाई म्हणाले.

"दहा सांगून बावीस भरतंय, त्यात वर दोन पोरं बसवतंय, आणि खड्ड्यात आस तुटला की माझ्या दारात येऊन बोंबलतंय. सगळा जन्म ह्यात गेला माझा. माझी ट्रॉली रस्त्यात मोडली असं कुणी दाखवावं."

"पण मी खरं सांगितलं होतं."

"सगळी खरंच सांगतात."

"शेतकरी टनाचा आकडा सांगंना आणि बायका किलोचा," यासीनभाई म्हणाले. "आमची तर रेशनकार्डावर अजून वीस वर्षांची हाय."

मी काट्याखाली गेले. लोखंडी आकडा दोन्ही हातांनी धरला आणि पाय उचलले. कैची करकरली. "वाचा," मी लटकत म्हणाले.

मामा उठले नाहीत. यासीनभाईंनी मान वर केली. "सत्तेचाळीस."

"अठरा किलो सामान. झाले किती?"

"आज सत्तेचाळीस," मामा म्हणाले. "उद्या लग्न झालं की?"

"त्या सायकलवरून मी लग्नाला जाणार नाहीये. ती नळी काढायची मामा."

"काढायची न्हाई." ते उठले, चपला घातल्या. "माझ्या शेडातनं नाजूक माल बाहेर जाणार न्हाई. वर डोंगरात मोडली तर तुझ्या आईला मी काय सांगू? जेवून येतो. तू पण चल."

"मला भूक नाही."

मोटरसायकलचा आवाज रस्त्याला लागला. मी यासीनभाईंकडे वळले.

"मालकांनी सांगितल्याबिगर मी हात लावणार न्हाई," ते म्हणाले.

"तुम्ही नका लावू."

गणपतीपासून मी त्यांच्या शेजारी बसून भंगारातल्या नळ्या पितळेने जोडायचा सराव केला होता. बऱ्याच जाळल्या, थोड्या जमल्या. मी गॉगल लावला, गॅस सोडला, ठिणगी दिली. सांगाडा शिकंज्यात धरून सांध्यावर ज्योत फिरवायला लागले. पोलाद तांबूस झालं, मग केशरी. पितळ चमकायला लागलं. एका बाजूने वितळायचं तोवर दुसऱ्या बाजूने आवळायचं.

यासीनभाई डबा उघडून बसले होते. भाकरी तोडत म्हणाले, "ज्योत मऊ कर. आणि एका जागी थांबू नको, ती काय शेकोटी हाय?"

मामा जेवून आले तेव्हा तिरपी नळी जमिनीवर निवत पडली होती. तिच्या दोन्ही तोंडांतून आतल्या नळीची जाड कड दिसत होती, मध्ये पितळाचं कडं. मामांनी वाकून तिच्या तोंडात बघितलं. मला वाटलं ओरडतील.

"दुसरी नळी हाय?" त्यांनी विचारलं.

"एक जास्तीची मागवली होती. एकच."

"म्हणजे ही शेवटची."

"हो."

त्यांनी पायाने ती जुनी नळी भिंतीकडे सारली. "चिमटा मात्र माझ्या मनानं करणार. पुढचं चाक त्यात असतंय. तिथं मी तुझं ऐकणार न्हाई."

चिमटा जाड केला तर वजन वाढणार होतं. मी मनात बेरीज केली, तंबूऐवजी नुसतं एक कापड घ्यायचं ठरवलं आणि हो म्हणाले.

नवी तिरपी नळी आम्ही तिघांनी मिळून बसवली. मी तोंडं घासली, यासीनभाईंनी पितळ सोडलं, आणि मामा, कदाचित मी बघतेय म्हणून, हात पाठीमागे बांधून उभे राहिले. गळीत हंगाम तोंडावर होता. दारात ट्रॉल्यांची रांग लागली होती. एकेक शेतकरी येऊन शेडात डोकावायचा आणि विचारायचा, "हे काय, आता सायकलीला ट्रॉली लावणार व्हय मालक?"

चाकं चढली, चिमटा बसला, हँडल, ब्रेक, साखळी झाली. सायकल पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभी राहिली तेव्हा ती एखाद्या खेचराच्या शिंगरासारखी दिसत होती, ठेंगणी आणि हट्टी. मला फार आवडली.

मामा तिच्याभोवती एक फेरी मारून आले. "तुझा हिशेब काय म्हणतोय? जायची झाली तर कुठनं जाईल?"

हा प्रश्न ऐकून मला बरं वाटलं. त्यांनी हिशेबाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. मी खडू घेतला, हँडलच्या नळीपासून मागे चार बोटं मोजली आणि तिरप्या नळीच्या खालच्या अंगावर एक रेघ मारली.

"इथून. इथे नळीचा जाड भाग संपतो आणि पातळ सुरू होतो. समोरून मोठी धडक बसली तर एरवी चिमटा आधी वाकला असता, पण तो तुम्ही पहारीसारखा केलाय. मग सगळा जोर इथे येणार. मोडणार नाही, खालून चुणी पडेल."

"किती वजनाला?"

"माझ्या वजनाला नाही. माझ्या दुपटीला कदाचित."

"आणि माझ्या?"

मामा एकशेआठ किलो होते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण डॉक्टरांनी मामीला सांगितलं होतं.

"तुम्हाला नक्की," मी म्हणाले.

ते हसले. त्या हसण्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तास संपवून मी आले तेव्हा वर्कशॉपच्या अंगणात चार-पाच शेतकरी गोळा झाले होते. ट्रॉल्या चढवायचा सिमेंटचा उतार आहे, त्याच्या माथ्यावर मामा माझ्या सायकलवर बसले होते. सीट खूप खाली होती, त्यांचे गुडघे हँडलच्या बाहेर आले होते. उताराच्या पायथ्याशी एक लाकडी ओंडका आडवा टाकलेला.

"मामा, उतरा."

"का? तुझ्या डोंगरात दगड न्हाईत व्हय?"

"तुमचं वजन माझ्या आकड्यात नाही."

"त्येच तर बघायचंय. मला पेललं की मी गप. मग तू चंद्रावर जा."

"मामा, माझ्याकडे नळी उरलेली नाही. ही गेली तर मी जाऊ शकत नाही."

हे ऐकून त्यांनी एक पाय जमिनीला टेकवला. मी उताराकडे पळाले. मला आजही वाटतं की ते उतरणार होते. पण सायकलला उतार समजतो, बसणाऱ्याचं मन समजत नाही. चाक फिरलं. मामांनी ब्रेकऐवजी हँडल आवळलं आणि ते सरळ खाली आले, तोंडाने "अगं, अगं" म्हणत, लहानपणी बैलगाडी सुटल्यावर म्हणत असतील तसं.

पुढचं चाक ओंडक्यावर आदळलं. कर्र असा एक आवाज झाला, मोठा नाही. मामा हँडलवरून पुढे येऊन दोन्ही पायांवर उभे राहिले, चार पावलं धावले आणि एका ट्रॉलीला धरून थांबले. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही.

"लागलं का मालक?" कुणीतरी विचारलं.

"मला न्हाई," मामा म्हणाले.

मी सायकलजवळ गुडघ्यांवर बसले. पुढच्या चाकाची कड किंचित बसली होती, ती सरळ होण्यासारखी होती. चिमटा जसाच्या तसा होता. तिरपी नळी खालून दुमडली होती, कागदाला चुणी पडते तशी, आणि चुणी खडूच्या रेघेवर होती. रेघेच्या जवळ नव्हे, रेघेवर. खडूची पूड चुणीच्या आत गेली होती.

मी त्यावरून बोट फिरवलं आणि काय झालं ते सांगायला थोडा संकोच वाटतो. मला आनंद झाला. कागदावर मांडलेली गोष्ट लोखंडाने तंतोतंत ऐकली होती. तो आनंद अगदी थोडा टिकला. मग सायकल गेली हे लक्षात आलं आणि मी तिथेच बसून राहिले.

मामा कोपर झटकत आले. चष्मा लावून खाली वाकले. चुणी बघितली, खडूची रेघ बघितली. परत चुणी बघितली.

"तू म्हणालीस तिथंच," ते म्हणाले.

मग हँडलच्या नळीपासून बोटं टेकवून त्यांनी मोजलं.

"चार बोटं."

"हो."

शेतकरी एकेक करून निघून गेले. यासीनभाईंनी सायकल आत नेली आणि चाकं काढायला लागले. पुण्याच्या व्यापाऱ्याला मी फोन केला. नळ्या नव्या वर्षात येतील म्हणाला. निघायची तारीख त्याच्या आधीची होती. मी फोन ठेवला आणि भिंतीकडे बघत राहिले. भिंतीशी ती पहिली नळी पडली होती, आत मामांचा आधार घेऊन.

ती बाहेरून धड होती.

"आतली नळी निघेल का?" मी विचारलं.

"तापवून?" यासीनभाईंनी ती हातात घेऊन डोळ्याला लावली. "पितळ आत लांबवर ओढलं गेलंय. तेवढं तापवायचं तर वरची नळीच लोळागोळा व्हील."

"लेथवर," मामा म्हणाले.

ट्रॉल्यांच्या आधी, मी जन्मलेही नव्हते तेव्हा, मामा सांगलीत टर्नर होते. शेडाच्या मागच्या बाजूला एक जुना लेथ होता, त्यावर आता फक्त पिना आणि बुशी व्हायच्या. मामांनी त्यावरचं पोतं काढलं, तेल दिलं, पट्टा चढवला. दारात दोन शेतकरी उभे होते. "उद्या," मामा त्यांना म्हणाले. हंगामाच्या तोंडावर मामांनी गिऱ्हाइकाला उद्या सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि शेतकऱ्यांनीही नसावं, कारण ते एकमेकांकडे बघत निघून गेले.

काम असं होतं: दोन्ही तोंडांशी, पितळ जिथवर गेलंय तिथवर, आतली जाड नळी कोरून काढायची. ती सुटली की मधला भाग सैलच होता, ओढून येणार होता. पण बाहेरच्या नळीची जाडी तोंडाशी मिलिमीटरभरही नव्हती. पातं केसभर जास्त गेलं की ती भंगार. नळी चेपू नये म्हणून मामांनी लाकडाचे दोन अर्धे ठोकळे तासून त्यांच्या मध्ये तिला धरलं. लेथ फिरायला लागला.

मी व्हर्नियर घेऊन शेजारी उभी राहिले. मामा एक फेर घ्यायचे, लेथ थांबवायचे आणि विचारायचे, "किती?"

मी मोजायचे. "अजून दीड मिलिमीटर आहे."

ते चाक फिरवायचे. लोखंडाचा कीस कुरळा होऊन खाली पडायचा. "किती?"

"सहा दशांश."

"किती?"

"तीन."

त्यांनी एकदाही व्हर्नियर स्वतः घेतला नाही. मी सांगेन तेवढंच पातं पुढे जायचं. मध्येच मामी चहा घेऊन आली, आमच्याकडे बघून ट्रे स्टुलावर ठेवला आणि पदर खोचून तिथेच थांबली. कुणी कप उचलला नाही.

"किती?"

"एक दशांश. मामा, आता फक्त पितळ आहे."

"म्हणजे थांबू?"

"थांबा."

त्यांनी लेथ बंद केला. दुसरं तोंडही तसंच केलं. मग यासीनभाईंनी एका टोकाकडून लाकडी दांडा घालून हलकेच ठोकलं आणि आतली नळी सुर्रकन बाहेर आली, म्यानातून येते तशी. मी रिकामी नळी बोटावर तोलून पान्याने वाजवली. टण्ण.

"देवळात लावा," यासीनभाई म्हणाले आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

ती नळी बसवताना मामा शेडात नव्हते. ट्रॉल्यांचं काम अंगावर आलं होतं. सांगाडा काट्याला लावला तेव्हा मी त्यांना हाक मारली. त्यांनी लांबूनच विचारलं, मी आकडा सांगितला, आणि ते परत ट्रॉलीच्या खाली गेले.

मला सोडायला मात्र तेच आले, टेम्पो घेऊन. पहाटे निघून, घाट उतरून आम्ही त्या कोकणातल्या गावात पोचलो तेव्हा बाकीचे निघायच्या तयारीत होते. निनादही होता. त्याने सायकलकडे बघितलं, कुणी बांधली विचारलं. मी मामांकडे बोट दाखवलं. मामा लगेच दुसरीकडे बघायला लागले.

"मी पायऱ्यांपर्यंत येतो," ते मला म्हणाले.

"चढ आहे मामा."

"बघू की."

झाडीतून वाट वर गेली, मग कातळ लागला आणि त्यात त्या पायऱ्या. बाकीचे पुढे गेले होते. मी सायकल आडवी धरली, त्रिकोणातून उजवा खांदा घातला आणि उठले. सामान पाठीवर टेकलं. मागचं चाक पायरीच्या वर, मोकळं. पहिली पायरी. दुसरी. मागून मामांचा श्वास ऐकू येत होता, भात्यासारखा. एका ठिकाणी पायरी झिजून गेली होती, तिथे माझा पाय सरकला आणि गुडघा कातळाला टेकला. मागे चपलांचा आवाज झाला, एकदम जवळ आला.

"धरू नका मामा."

"न्हाई धरत."

मी गुडघ्यावरच थांबले, श्वास घेतला, आणि उठले. वळताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, मामांनी दोन्ही हात पाठीमागे घेऊन एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं होतं.

पायऱ्या संपल्या. मी सायकल खाली ठेवली. मला बसावं लागलं नाही, मी उभी होते. मामा शेवटच्या पायरीवर येऊन बसले आणि टोपी काढून वारा घेत राहिले. खाली गावातली कौलं दिसत होती. वरून निनादची शीळ आली, सगळे थांबलेत अशी.

"सन्मती," मामा म्हणाले. "माझा तुझ्यावर विश्वास न्हवता असं न्हाई बाळ."

"माहिती आहे."

"तुला न्हाई माहिती. खरं वजन सांगणारं गिऱ्हाईक मला जन्मात भेटलं न्हाई. वाढवूनच बांधायची सवय. खऱ्या वजनाला कसं बांधायचं, ते मला येतच न्हवतं. आणि ते तुझ्यासमोर कसं म्हणायचं?"

मी सामानाचे पट्टे आवळायला लागले. मामा उठले, सायकलजवळ आले. तिरप्या नळीवर त्यांनी तळहात ठेवला आणि काढून घेतला. मग बाटल्यांकडे बघितलं.

"पाणी किती घेतलंयस?"

"तीन लिटर. संध्याकाळच्या मुक्कामाला विहीर आहे."

मी वाट बघितली. टेम्पोत पाण्याचा भरलेला कॅन होता, आणि त्यांच्या खांद्याला त्यांची स्वतःची बाटली होती.

"बरं," मामा म्हणाले आणि पायऱ्या उतरायला लागले.